मास्तर मागे राहिले

रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला तो औषधांच्या दुकानात शिरला, कापसाच्या गुंडाळ्या ठेवलेल्या उंच मांडणीआड चष्मा पुसत उभा राहिला, आणि त्याच्या कानावर आलं की पलीकडे कुणीतरी त्याचीच गोष्ट सांगतंय. आवाज ओळखीचा होता. दातांची डॉक्टर. गेले पाच आठवडे ती त्याच्याकडे गाडी शिकत होती, आठवड्यातून तीनदा, सकाळी साडेसातला. गाडीत ती फार बोलायची नाही. हनुवटी स्टिअरिंगला टेकवल्यासारखी पुढे वाकून रस्त्याकडे बघायची, जणू रस्ता कधीही तोंड मिटून घेईल. इथे मात्र ती दुकानवालीसमोर, मैत्रिणीशी बोलावं तसं, हातवारे करत बोलत होती. ‘‘आमचे मास्तर म्हणजे कसे, सांगू? समोरून हत्ती आला ना, तरी म्हणतील, हत्ती आहे, दुसरा गिअर टाका.’’ दुकानवाली हसली. तो मांडणीआड ताठ झाला. पुढे व्हावं, खाकरावं, असं त्याला वाटलं, पण पाय उचलेना. कारण ती मंगळवारचं सांगत होती, आणि मंगळवारी काहीही झालं नव्हतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

‘‘पाण्याच्या टाकीचा चढ आहे ना, तिथे माझी गाडी बंद पडली. एकदा, दोनदा, तीनदा. मागे काचांची गाडी. ह्या एवढ्या मोठ्या काचा उभ्या करून नेतात बघ, ती. तिचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मास्तर म्हणाले, ‘हँडब्रेक ओढा, हलायचं नाही,’ आणि उतरले. मला वाटलं, आता जुंपणार. आरशात बघते तर मास्तर त्याच्या खिडकीशी वाकलेत, काहीतरी बोलतायत, आणि तो हा असा आडदांड माणूस मुकाट्यानं खाली उतरला. रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला, मागच्या सगळ्या गाड्या अडवून! तेवढ्यात दार आपटल्याचा आवाज आला. म्हटलं, मास्तर बसले. चला. चावी फिरवली, क्लच हळू वर आणला, हँडब्रेक सोडला, आणि अगं, गाडी चढायला लागली! लोण्यातून जावी तशी. दुसरा टाकला. म्हटलं, ‘मास्तर, तिसरा टाकू?’ गप्प. म्हटलं, ‘मास्तर, रागावलात का?’ गप्प. तिसरा टाकला आणि शेजारी बघते तर सीट रिकामी. फक्त त्यांचं पॅड, आणि त्यावरचं पेन इकडून तिकडे घरंगळतंय.’’

‘‘अगं बाई!’’

‘‘दार आपटलं होतं ते काचवाल्याचं, उघडं राहिलेलं! आरशात बघितलं तर खाली लांब मास्तर धावतायत, एक हात वर करून, त्यांच्यामागे तो काचवाला धावतोय, आणि त्याच्या गाडीवरच्या काचांमध्ये आणखी एक मास्तर आणि आणखी एक काचवाला.’’

‘‘मग तू काय केलंस?’’

‘‘काय करणार? वर गेले. टाकीपाशी बाजूला घेतली, सिग्नलसुद्धा दिला बघ, कुणी नव्हतं तरी. हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.’’ कापसाच्या गुंडाळ्यांमधल्या फटीतून त्याला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. ‘‘तुला सांगते, मला कायम कुणीतरी नेऊन सोडायचं. आधी बाबा, मग दादा, मग नवरा. एक्केचाळीस वर्षांची झाले. त्या चढावर पहिल्यांदा मी कुणाला तरी मागे सोडून आले.’’

कुठेतरी फ्रीजची मोटर घरघरत होती. मग दुकानवालीनं हळूच विचारलं, ‘‘आणि मास्तर?’’

‘‘आले धापा टाकत. दार उघडलं, बसले, पट्टा लावला. आणि म्हणाले, ‘तिसरा लवकर टाकलात.’’’

दोघी अशा हसल्या की काउंटरवरची बाटली आडवी झाली. तो गोळ्या न घेताच मागच्या मागे दुकानाबाहेर पडला.

रस्ता नेहमीचाच होता, पण त्याच्या अंगात काहीतरी सुरू झालं होतं. गार इंजिन पहिल्याच फटक्याला चालू व्हावं, तसं. तो भराभर चालत होता आणि कुठे चाललोय हे त्याला ठाऊक नव्हतं. हे खरंच असं झालं होतं? झालं होतं. शब्दन्‌शब्द खरा होता. तो तिथे होता, त्याच्याच पायांनी धावला होता, दोन दिवस त्याची पोटरी दुखत होती. आणि त्या मंगळवारी शिकणाऱ्याच्या कार्डावर त्यानं लिहिलं होतं: ‘चढ. तीनदा बंद. क्लच सैल. तिसरा लवकर.’ बस. उलट त्याला धास्ती होती ती वेगळीच, की नियम मोडून आपण सीट सोडली, कुणी पाहिलं तर नसेल? घरी येऊन त्यानं भात खाल्ला, ताट विसळलं, बातम्या लावल्या. एक बाई जन्मात पहिल्यांदा एकटी एक चढ चढून गेली होती आणि ज्याच्या डोळ्यांदेखत ती चढली, तो मनात क्लचच्या तारेचा विचार करत बसला होता. सव्वीस वर्षं. दिवसाला आठ-नऊ माणसं. हजारो माणसं त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, घामेजलेल्या तळव्यांनी बसली होती. म्हणजे मग किती असेल हे सगळं? तो फुटपाथवर मध्येच उभा राहिला. एक माणूस त्याला आदळून पुढे गेला आणि मागे वळून बघत राहिला, आणि त्याला वाटलं, हाही आता घरी जाऊन सांगेल.

बायको विचारायची. रोज, तो पायातले बूट काढत असतानाच. ‘‘अहो, काय झालं आज?’’ ‘‘काही नाही.’’ ‘‘कोण कोण आलं?’’ ‘‘नेहमीचे.’’ मग तिची चौकशी सुरू व्हायची, पोलिसांनी तोंडात बोट घालावं अशी. नवीन कोण? म्हातारा की तरुण? शर्टाचा रंग कोणता? ‘‘मला काय माहीत?’’ ‘‘अर्धा तास त्याच्या मांडीला मांडी लावून बसलात आणि शर्ट दिसला नाही?’’ तो वैतागायचा, आणि वैतागून दोन गोष्टी जास्तच बोलून जायचा, आणि तिला तेवढंच हवं असायचं. रविवारी दुपारी लेकीचा फोन यायचा. लेक दुसऱ्या शहरात, नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत. फोन पाऊण तास चालायचा. आतल्या खोलीत पेपर वाचताना त्याच्या कानावर तुकडे यायचे, ‘मग तुझे बाबा काय म्हणतात…’ आणि पुढे असं काही यायचं की त्याला वाटायचं, मी हे कधी म्हणालो? तिखटमीठ लावते नुसती. शेवटी फोन त्याच्या हातात यायचा. ‘‘ठीक?’’ ‘‘ठीक.’’ ‘‘पैसे-बिसे?’’ ‘‘आहेत, बाबा.’’ आता औषधांच्या दुकानापासून चार गल्ल्या लांब, एका बंद शटरसमोर उभं राहून त्याला दिसलं, की लेक त्याला ओळखत होती ती आईच्या तोंडून. तो माणूस, जो मजेशीर काहीतरी म्हणायचा, जो शिकणाऱ्यांबरोबर भलत्याच गोष्टींत सापडायचा, तो माणूस स्वयंपाकघरात रविवारी दुपारी पाऊण तास जिवंत असायचा.

बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून फोन थेट त्यालाच यायचा आणि दोन-अडीच मिनिटांत संपायचा. गॅस आला का. आला. गुडघा कसा आहे. आहे. गेल्या रविवारी लेक म्हणाली होती, ‘‘बाबा, मी आता पंधरा दिवसांनी करत जाऊ का फोन? म्हणजे, आपल्याला दोघांनाही… विशेष काही नसतं ना.’’ तो म्हणाला होता, ‘‘चालेल की.’’ आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तो हात गुडघ्यावर ठेवून बसला होता. पंधरा दिवसांचा महिना होईल, महिन्याचे सण-समारंभ होतील, हे त्याला कळत होतं. उतारावर हँडब्रेक नीट न लावता सोडलेली गाडी आधी हलतेय असं वाटतसुद्धा नाही. पण करायचं काय हे त्याला कळत नव्हतं. सांगायला असतं काय त्याच्याकडे?

आणि आता होतं! एवढंच नव्हे. त्या बंद शटरसमोर त्याला आणखी एक गोष्ट सुचली. डॉक्टरीणबाईंकडे गोष्टीचा अर्धाच भाग होता. खिडकीशी वाकून तो काचवाल्याला काय म्हणाला, काचवाला काय म्हणाला, हे तिला ठाऊक नव्हतं. ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यानं डोळे मिटले आणि आठवू लागला. तो म्हणाला होता, ‘‘बाई शिकतायत. दोन मिनिटं थांबा.’’ हॉर्न थांबला होता. काचवाल्यानं विचारलं होतं, ‘‘कितव्यांदा बंद पडली?’’ ‘‘तीन.’’ ‘‘मी ह्याच चढावर सात वेळा पाडली होती,’’ काचवाला म्हणाला होता, ‘‘तेव्हा मागे माझा सासरा होता, सायकलवर.’’ आणि दार उघडून उतरला होता. त्याच्या हातावर काचेच्या जुन्या कापाची पांढरी रेघ होती, मनगटापासून कोपरापर्यंत. ही रेघ आपण पाहिली होती! त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्यानं ‘‘रेघ!’’ म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तो कामाला गेला तो पहिल्या दिवशी शाळेत गेल्यासारखा. नऊला दोन भाऊ यायचे. दिव्यांचं दुकान दोघांचं मिळून, पण वडील गेल्यापासून दोघांत अबोला. शिकवणी जोडीनं घेतली होती म्हणून एकाच गाडीत बसायचे, एक पुढे, एक मागे, आणि सगळं बोलणं मास्तरांमार्फत. ‘‘मास्तर, त्याला सांगा आरसा नीट कर.’’ ‘‘मास्तर, त्याला सांगा, मला दिसतंय.’’ आजपर्यंत त्याला ही नुसती कटकट वाटत आली होती. आज तो त्यांच्याकडे पाहत होता. धाकट्याच्या शर्टाला कोपरावर ठिगळ होतं, आतून लावलेलं, नीट टाके घातलेलं. थोरल्याच्या नखात तांब्याच्या तारेचा काळेपणा. बाजाराच्या वळणावर एक कुत्रं आडवं आलं, धाकट्यानं उशिरा ब्रेक दाबला, आणि मागच्या सीटवरून थोरल्याचा हात झपकन पुढे आला आणि त्यानं भावाचा खांदा धरला. पूर्ण पंज्यानं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरत असेल तसा. मग चटका बसल्यासारखा काढून घेतला. कुत्रं निघून गेलं. ‘‘मास्तर, त्याला सांगा, कुत्रं होतं,’’ थोरला म्हणाला, आणि त्याचा आवाज जरासा फाटला होता. मास्तर त्या हाताकडे असा बघत राहिला की पुढचा सिग्नल त्याला स्वतःलाच दिसला नाही आणि धाकटा म्हणाला, ‘‘मास्तर, लाल आहे.’’

दुपारी तो गॅरेजवाल्याकडे गेला. गाडीला काही झालं नव्हतं. त्याला सराव करायचा होता. गॅरेजवाला त्याचा वीस वर्षांचा दोस्त, गाडीखालून कधी बाहेर न येणारा. त्याच्या तळव्यांशीच बोलावं लागायचं. तो म्हणाला, ‘‘अरे, मंगळवारी काय झालं माहीत आहे का?’’ तळवे म्हणाले, ‘‘काय?’’ आणि त्याच्या तोंडातून निघालं, ‘‘टाकीच्या चढावर एका बाईंची गाडी बंद पडली. क्लच जरा सैल आहे, तुला मागे म्हटलं होतं, तारेचा प्रश्न आहे की प्लेटचा कळत नाही. तर ती तीनदा…’’ इथपर्यंत त्याला वाटत होतं, आपण छान चाललोय. गॅरेजवाला घसरत गाडीखालून बाहेर आला, कपाळावर ग्रीस, आणि म्हणाला, ‘‘मग बदलायची का प्लेट?’’ त्यानं हो म्हटलं की नाही हे त्याला नंतर आठवलं नाही. तो बाहेर येऊन गाडीत बसला आणि हसू लागला. म्हणजे हे गाडीसारखंच आहे! पाहून येत नाही, बाजूला बसून येत नाही, स्वतःचा पाय क्लचवर ठेवल्याशिवाय येत नाही. सव्वीस वर्षं लोकांच्या गाड्या बंद पडताना बघितल्या, आज आपली पडली. चढावर, भर रस्त्यात.

शनिवारी शेवटचा विद्यार्थी गेल्यावर तो सरावाच्या मोकळ्या मैदानावर एकटाच थांबला. ऊन कलतीला लागलं होतं, पांढरे पट्टे मारलेली फरशी गरम होती, आणि प्लास्टिकचे नारिंगी शंकू सोडले तर ऐकायला कुणी नव्हतं. काचा वर करून तो शिकणाऱ्याच्या जागी बसला आणि बोलू लागला. सुरुवात कुठून? चढापासून केली तर क्लच येतो. क्लच आला की सगळं ग्रीसमध्ये. बाईपासून केली तर ती कोण, कुठली, दात कसे काढते, यातच वेळ जातो. त्यानं चार वेळा सुरुवात केली आणि चारदा बंद पडली. मग त्यानं ठरवलं की बायको विचारतेय. अहो, मागे कोण होतं? काचांची गाडी. काचा कशा? उभ्या. त्यांत काय दिसत होतं? आणि तो थांबला, कारण त्याला दिसलं. खिडकीशी वाकला तेव्हा त्यानं काचांमध्ये स्वतःला पाहिलं होतं. आभाळ, विजेच्या तारा, टाकीचा गोल, आणि मध्ये एक पोट सुटलेला, टोपी घातलेला माणूस, भांडायला आलेला, आणि भांडण तोंडावर येता येता तो माणूस त्याला इतका मूर्ख दिसला की त्यानं आवाज खाली आणला. म्हणून तो शांतपणे बोलला होता! डॉक्टरीणबाई त्याला थंड डोक्याचा समजत होती. हे तर त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. आपल्याच बाबतीत घडलेलं आपल्याला न कळता पडून राहतं, कुणी विचारेपर्यंत. गाडीत उकडत होतं, कानशिलांतून घाम ओघळत होता, पण काचा खाली करायचं त्याला सुचलं नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, काचांपासून, आणि या वेळी गोष्ट चढली.

रविवार फोनाचा नव्हता. पुढच्या रविवारपर्यंत थांबणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. जेवण झाल्यावर तो आतल्या खोलीतून बाहेर, बाहेरून आत असा सहा फेऱ्या घालून आला, पाणी प्यायला, आणि मग त्यानं स्वतः नंबर लावला. आजवर कधी लावला नव्हता, कायम तिकडून यायचा.

‘‘बाबा?’’ लेकीचा आवाज घाबरलेला. ‘‘काय झालं? बरे आहात ना?’’

‘‘बरा आहे. काही झालेलं नाही. म्हणजे झालंय. तुला वेळ आहे का?’’

‘‘आहे… बाबा, खरं सांगा, डॉक्टरांनी काही…’’

‘‘डॉक्टरांनीच! म्हणजे दातांच्या. थांब, तसं नाही. ऐक. मंगळवारी आमच्यामागे काचांची एक गाडी होती.’’

आणि तो सांगू लागला. मध्ये एकदा त्याचं अडलं, एकदा त्यानं काचवाल्याचा सासरा फार लवकर आणला आणि त्याला सायकलवरून परत मागे पाठवावं लागलं. पलीकडे काहीच आवाज नव्हता. लाइन तुटली की काय असं वाटून त्यानं फोन कानापासून दूर धरून पाहिला. सेकंद पळत होते. तो तसाच पुढे निघाला, रिकामी सीट, घरंगळणारं पेन, आणि शेवटी म्हणाला, ‘‘आणि मी गाडीत बसलो, पट्टा लावला, आणि तिला म्हणालो, तिसरा लवकर टाकलात.’’

मग लेकीच्या नाकातून एक विचित्र आवाज आला, शिट्टी फुटलेल्या कुकरसारखा, आणि ती हसायलाच लागली. ‘‘बाबा! तुम्ही चप्पल हातात घेऊन पळालात?’’

‘‘बूट होते पायात.’’

‘‘आईनं चप्पलच केली असती.’’

‘‘हो,’’ तो म्हणाला, ‘‘केली असती. आणि हातातच दिली असती.’’

ती दोघं तिच्याबद्दल असं, हसत, आठ महिन्यांत एकदाही बोलली नव्हती. त्याला वाटलं, आता इथेच थांबावं, छान झालंय. पण गाडी चढ चढून गेली की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर राहतो. तो म्हणाला, ‘‘गंमत बघ. एवढ्या बायकांना शिकवलं. तुझ्या आईला कधी शिकवावं असं मनातच आलं नाही. ती एकदा म्हणाली होती, फार मागे. मी म्हटलं, तुला कुठे जायचंय?’’

पलीकडे हसणं थांबलं. लेक म्हणाली, ‘‘बाबा, एक सांगू? आईनं सांगू नको म्हणून शपथ घातली होती.’’

‘‘काय?’’

‘‘आईला गाडी येत होती.’’

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘दोन वर्षांपूर्वी शिकली ती. लायसन्स काढलं. दुसऱ्या खेपेला पास झाली. ते माझ्याकडे आहे, तिनंच पाठवलं होतं, तुमच्या हाताला लागू नये म्हणून. फोटोत डोळे मिटलेत तिचे.’’

‘‘कुठे शिकली?’’

‘‘रागावणार नसाल तर सांगते. तुमच्या समोर. ते समोरचे काका आहेत ना, त्यांच्याकडे.’’

समोरचा! रस्त्याच्या पलीकडे, त्याच्या शाळेच्या दारासमोर दार असलेली दुसरी ड्रायव्हिंग स्कूल. अकरा वर्षांपूर्वी एका पाटीवरून दोघांचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून दोघं आपापल्या काचेआडून एकमेकांकडे बघत असत आणि रस्त्यात भेटले तर आभाळ बघत. ‘‘त्याच्याकडेच का? इतक्या शाळा आहेत!’’

‘‘मीही विचारलं होतं. म्हणाली, तिथून तुमचं दार दिसतं, तुम्ही गाडी घेऊन गेलात की लगेच निघता येतं.’’ लेक हसली की रडली, कळलं नाही. ‘‘आणि तुमच्याकडे नाही शिकली कारण… तिला तुम्हाला सांगायला काहीतरी हवं होतं, बाबा. तुम्हाला आधीच ठाऊक नसलेलं. चांगला दिवस बघून सांगणार होती. मी दर वेळी विचारायचे, सांगितलंस का? ती म्हणायची, थांब गं, अजून जरा रंगू दे. मग आजारी पडली, आणि ते सगळं तीन आठवड्यांतच…’’

त्याला राग यायला हवा होता, आणि एक कळ येऊन गेलीही. ती कळ ‘तुला कुठे जायचंय’ या तीन शब्दांची होती, आणि ती आपल्याबरोबरच राहणार हेही त्याला कळलं. पण त्या कळीच्या वरून, तिला बाजूला सारत, दुसरंच काही वर येत होतं, आणि ते इतक्या जोरात येत होतं की त्याला श्वास पुरेना. ती चालवत होती! ह्याच रस्त्यांवर. तो टाकीपाशी असताना ती बाजाराच्या वळणावर असेल. रोज संध्याकाळी बूट काढताना ‘काय झालं आज’ म्हणून विचारणारी बाई तोंडात एवढी मोठी गोष्ट धरून उभी होती, आणि हसू दाबत होती. एवढा संसार झाला, आणि ती त्याला अजून नवी करकरीत मिळत होती.

‘‘बाबा? रागावलात?’’

‘‘तिला रिव्हर्स जमायचं का?’’

‘‘मला काय माहीत! समोरच्या काकांना विचारा.’’

सोमवारी नऊच्या आधी त्यानं रस्ता ओलांडला. समोरच्यानं त्याला काचेतून येताना पाहिलं आणि खुर्चीतून अर्धवट उठून तसाच राहिला. बारीक, टक्कल पडलेला, शर्टाच्या खिशात चार पेनं. इतक्या जवळून त्याला पाहून मास्तरला वाटलं, हाही म्हातारा झाला की.

‘‘आमची ही तुमच्याकडे शिकली म्हणे,’’ तो म्हणाला.

समोरच्याचा चेहरा उतरला. ‘‘बाईंनी शब्द घेतला होता. मी त्यांना म्हटलं होतं, हे बरं दिसत नाही, उद्या मास्तर माझ्या अंगावर येतील…’’

‘‘अंगावर नाही आलो. ऐकायला आलोय.’’

समोरच्यानं फडक्यानं एक खुर्ची पुसली. ‘‘बसा,’’ तो म्हणाला, आणि स्वतःही बसला, आणि थोडा वेळ पेनंच नीट करत राहिला. ‘‘पहिल्या दिवशी म्हणाल्या, मला असं शिकवा की तुम्ही शिकवलंय हे कळता कामा नये. घरी एक जण आहेत, ते वळण घेताना हात बघून सांगतात, ही कुणाची विद्यार्थिनी. आता काय करायचं? मग मी तुमची पद्धत शिकवली. ते तुमचं अंगठे बाहेर ठेवणं, वळणाआधी खांदा सैल सोडणं. अकरा वर्षं ह्या काचेतून बघतोय, येतं मला.’’

मास्तरनं नुसतं ‘‘हं’’ केलं. ‘‘आणि पहिल्यांदा नापास का झाली? रिव्हर्स ना?’’

‘‘रिव्हर्स कसलं! रिव्हर्स एक नंबर.’’ समोरच्याचे डोळे आता चमकायला लागले होते; कुणालाच सांगता न आलेलं दोन वर्षांचं त्याच्याकडेही साठलेलं होतं. ‘‘परीक्षेच्या दिवशी बाई गाडीत बसल्या, आरसा नीट केला, पट्टा लावला, सगळं जागच्या जागी. परीक्षक म्हणाला, निघा. निघाल्या. आणि फाटकातून समोरून कोण येतंय? तुम्ही! तुमचे दोन विद्यार्थी घेऊन. बाईंनी काय करावं? ब्रेक मारला आणि गेल्या खाली. पार सीटखाली! पायांपाशी दडी मारून बसल्या. वर एकटा परीक्षक. तुम्ही त्याला हात केलात.’’

‘‘मी?’’

‘‘केलात की! त्यानंही केला. तुम्ही निघून गेलात. तो खाली बघून म्हणतो, बाई, गाडी कोण चालवणार? तर खालून आवाज, ‘गेले का?’’’

मास्तरच्या पोटातून जे हसू आलं ते त्याला आवरेना. त्यानं चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत उचलला. समोरचाही हसत होता, मान मागे टाकून, आणि बाहेर थांबलेले दोघे दिवेवाले भाऊ काचेला हात लावून, शेजारी शेजारी उभे राहून, आत काय चाललंय ते बघत होते. ‘‘थांबा,’’ मास्तर धापा टाकत म्हणाला, ‘‘थांबा, पुढचं सांगू नका,’’ आणि खिशातून फोन काढून त्यानं लेकीला लावला. ती कामावर असणार, उचलेल न उचलेल. तिनं दुसऱ्या रिंगला उचलला. त्यानं स्पीकर सुरू केला, फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि समोरच्याला म्हणाला, ‘‘हां. आता पहिल्यापासून सांगा.’’